बारीक माणसांची चरबी

१४ नोव्हेंबर, शुक्र.

डॉक्टरांनी आज शेवटी तो शब्द काढला. ट्रान्सप्लांट. बाबांचं लिव्हर आता औषधांना दाद देत नाही. पोटातलं पाणी काढलं की चार दिवसांत परत भरतं. जिवंत माणसाच्या लिव्हरचा तुकडा चालतो, देणाऱ्याचं परत वाढतं, घरातलंच कुणी असेल तर उत्तम. "तो फॅमिली में से कौन देगा?"

आई, निलेश, निलेशची बायको रश्मी आणि मी, असे चौघे समोर बसलेलो. आईनं निलेशकडे पाहिलं, रश्मीनं निलेशकडे पाहिलं, डॉक्टरांनीही निलेशकडेच पाहिलं. माझ्या धाकट्या भावाकडे बघून कुणालाही वाटावं की हा आतून-बाहेरून ठणठणीत असणार. कॉलेजातली पँट त्याला अजून होते. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. आणि मी काही नजरेतून सुटण्यासारखी बाई नाही.

नि. म्हणाला, मी देतो ना, त्यात काय. चांगला आहे माझा भाऊ. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

१६ नोव्हें., रवि.

आर. के. पुरमला गेले. बाबा रिटायर झाल्यापासून आई-बाबा तिथेच, नि.च्या सरकारी क्वार्टरमध्ये. खालच्या मजल्यावरचे एक अंकल विचारपूस करायला आले होते. जाता जाता दारात नि.ला हळूच विचारलं, अंकलजी लेते थे क्या? बाबांना ऐकू गेलं.

दिल्लीत मंत्रालयाच्या पार्ट्यांत जन्मभर लिंबूपाण्याचा ग्लास धरून उभा राहिलेला माणूस. चहाच्या वेळी मला म्हणाले, "डॉक्टर म्हणतो चरबीनं झालं. माझ्या अंगावर चरबी आहे कुठे? दाखव मला." हात पुढे केले. नुसती हाडं. पोट तेवढं पाण्यानं तट्ट.

त्या वाक्यामागे आणखी एक वाक्य होतं. चरबी तुझ्या अंगावर मेघना, मग आजार मला कसा? ते बोलले नाहीत, पण मला न बोललेलंही ऐकू येतं, लहानपणापासूनची सवय आहे. जेवताना माझ्या ताटातली दुसरी पोळी उचलून नि.च्या ताटात टाकायचे. माझ्या भल्यासाठीच. नि.ला काय, त्याच्या अंगाला काही लागायचंच नाही.

२२ नोव्हें., शनि.

निलेशचे रिपोर्ट आले. रक्तगट जुळतो. बाकी काही जमत नाही. लिव्हरमध्ये चरबी भरलीय. इतकी, की त्यातलं कापून घेतलं तर बाबांनाही धड पुरणार नाही आणि नि.लाही उरणार नाही. साखर काठावर. उपाशीपोटीचं इन्शुलिन भलतंच वर.

रश्मी म्हणाली रिपोर्टची अदलाबदल झाली असणार. आईचंही तेच. परत रक्त दिलं, परत तेच आलं. नि. शर्ट वर करून आरशात आपलं पोट बघत होता म्हणे. आहे थोडंसं, बेल्टच्या वर. आम्ही त्याला आजवर ऑफिसचं पोट म्हणत होतो.

२४ नोव्हें., सोम.

ऑफिसला हाफ डे टाकला. नोएडाहून हॉस्पिटलपर्यंत धुरातून, डोळे चुरचुरत.

डॉक्टर तरुण आहेत, हरयाणवी वळणाचं हिंदी बोलतात. त्यांनी सरळच विचारलं, "आपके घर में बेड के नीचे बॉक्स है ना? रजाइयाँ कहाँ रखते हैं?" बॉक्स म्हणजे कातडीखालची चरबी. मांड्या, कंबर, दंड. ज्याचा बॉक्स मोठा, त्याच्या रजया आत मावतात, घर मोकळं राहतं. निलेशचा बॉक्स छोटा. खाल्लेलं जास्तीचं ठेवायला जागाच नाही, मग ते लिव्हरवर, आतड्यांभोवती, स्नायूंत, जिथे सापडेल तिथे. तिथे चरबी साचली की इन्शुलिनचं कुणी ऐकेनासं होतं. ऐकत नाहीत म्हणून शरीर आणखी इन्शुलिन सोडतं, आणि लिव्हर आणखी चरबी बनवत बसतं. वजनकाट्यावर यातलं काही दिसत नाही.

मग म्हणाले, "पिताजी का भी यही हुआ है. बस, तीस साल आगे." नि.चा चेहरा उतरला. बाबांचा डायबेटिस, बाबांचे काडीसारखे हात, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर आलं असणार.

उपाय आहे. नवीन वर्ष लागेपर्यंत साखर, मैदा, भात, बटाटा, तळलेलं बंद. डाळ, अंडी, पनीर, भाज्या. जोरात चालायचं, वजनं उचलायची. लिव्हरमधली चरबी सगळ्यात आधी उतरते, पण मनापासून करायला हवं. मग परत स्कॅन. तोवर बाबांना सांभाळायचं.

मला विचारायचं होतं, आणि माझं काय? नाही विचारलं.

२७ नोव्हें., गुरु.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आई देवाला बोलली आहे. बाबा धडधाकट घरी येईपर्यंत निलेश मंगळवार-गुरुवार उपवास करणार. देणारा तो, म्हणून उपवासही त्यानंच करायचा. नि. देवाधर्मातला नाही, पण आईला आत्ता नाही म्हणणार कोण?

रश्मी फोनवर म्हणाली, "ताई, बरंच आहे ना, दोन दिवस कमी खाल्लं जाईल." मलाही ते पटलं.

४ डिसें., गुरु.

ऑफिस सुटल्यावर परस्पर आर. के. पुरम. नि. उपवास सोडायला नाही, फराळाला बसला होता. साबुदाण्याची खिचडी, वर साजूक तूप. बटाट्याची भाजी. रताळ्याचा गोड कीस. दुपारी राजगिऱ्याचे लाडू आणि खजूर घातलेलं दूध झालं होतं. आई वाढत होती आणि म्हणत होती, दिवसभर पोटात काही नाही पोराच्या.

बाकीचे पाच दिवस बिचारी रश्मी वाटीनं डाळ मोजते. साखरेचा डबा तिनं ऑफिसात नेऊन ठेवलाय. आणि हे असं.

मी म्हटलं, आई, साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, भातापेक्षा वाईट. आई म्हणाली, उपवासाचं आहे ते. विषय संपला. मी म्हटलं, लिव्हरला गुरुवार कळत नाही. तेव्हा तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि अगदी मायेनं म्हणाली, "मेघा, आता तू डाएट शिकवणार का निलेशला?"

रश्मी कढईत बघत राहिली. नि. थोडासा हसला, वाईट मनानं नाही. आतल्या खोलीतून बाबांचंही हसू ऐकू आलं, मागोमाग खोकला. कित्येक दिवसांनी हसले असतील.

पर्स उचलली, निघाले. घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मुद्दाम.

५ डिसें., शुक्र.

तरी राहवेना. रश्मीला फोन केला, डाएटिशियनला सांग म्हटलं. ती म्हणाली, सांगितलंय की. नि.नं त्यांना सांगितलं मंगळवार-गुरुवार व्रत असतं, बाई खूश झाल्या, व्हेरी गुड म्हणाल्या. त्यांच्या डोक्यात तो पाणी आणि एखादं सफरचंद यावर राहतोय. नि.नंही पुढे काही सांगितलं नाही, कारण सांगायचं असतं हेच त्याला सुचलं नाही. त्या घरात कुणी खोटं बोललेलं नाही. उपवासाला खाल्लेलं हे खाणं नसतंच, एवढंच.

"आईंना कोण सांगणार, ताई," रश्मी म्हणाली. खरंय. मी सांगून बघितलं ना.

१२ डिसें., शुक्र.

कुणालाही न सांगता स्वतःच्या तपासण्या करायला गेले. नवऱ्याला, सुधीरलाही नाही. का गेले? बाबांच्या प्रेमानं, असं लिहायला छान वाटलं असतं. रागानं गेले. लिहूनच टाकते.

कोऑर्डिनेटर बाईंनी आधी माझ्याकडे, मग वजनकाट्याकडे पाहिलं. "मॅडम, बीएमआय थोड़ा..." मी म्हटलं, मालूम है. काटा बघून मला नवीन काही कळत नाही. तरी त्यांनी रक्त घ्यायला पाठवलं, मग स्कॅन. मशीनमध्ये दंड दोन्ही बाजूंना घासत होते. आत पडल्या पडल्या जन्मभराच्या सगळ्या आत्या, माम्या, मला बघायला आलेली स्थळं, सगळ्यांची आठवण आली.

१९ डिसें., शुक्र.

माझं लिव्हर स्वच्छ आहे.

परत लिहिते. स्वच्छ आहे. रक्तगट जुळतो, साखर ठीक, इन्शुलिन ठीक. डॉक्टरांनी स्कॅन दाखवला, पांढरं आणि काळं. माझी चरबी बहुतेक सगळी कमरेखाली आणि कातडीखाली, जिथे असायला हवी तिथे, गुपचूप पडून. आतड्यांभोवती फार नाही. "आपका बॉक्स बहुत बड़ा है, मॅडम." मी हसले. पहिल्यांदाच या विषयावर कुणी बोललं आणि मी हसले.

मग त्यांनी लगेच आवरलंही. हे काही सर्टिफिकेट नाही, म्हणाले. गुडघ्यांना वजन कळतंच, पाळी गेल्यावर चरबीची जागा बदलते, बॉक्सही कधीतरी भरतो. ऑपरेशनला जाड पोट म्हणजे टाका पिकायची भीती जास्त. अगदी काठावर बसतेय मी, थोडं उतरवलं तर बरं. पण आजच्या तारखेला पूर्ण कुटुंबात देण्यालायक एकच लिव्हर आहे, ते माझं.

पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. आनंद झाला होता, भीती वाटत होती, आणि कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटत होती.

२१ डिसें., रवि.

सांगितलं घरी. आई आधी म्हणाली, असं कसं? मग म्हणाली, मशीन बरोबर आहे ना? नि. उठून माझ्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला.

बाबांना आईनं उशी लावून बसवलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दिल्या घरची मुलगी आहेस तू. तुझं पोट फाडून मला जगायचं नाही. निलेश होतोय तयार, तोवर मी थांबतो."

मी म्हटलं, बाबा, तो होईलच असं नाही.

"होईल. त्याचा बांधा आहे."

बांधा! मला तिथे ओरडायचं होतं. ज्या बांध्यानं तुम्ही मरताय तोच बांधा, बाबा. ओरडले नाही. आजारी माणसावर ओरडायचं नसतं, हे याच घरात शिकलेय. हे माझ्यावरचं प्रेम होतं की माझा अपमान, हे मला अजून कळलेलं नाही. दोन्ही असू शकतं. बाबांकडे ते नेहमी एकाच ताटात वाढलेलं असायचं.

२३ डिसें., मंगळ.

पोटातलं पाणी काढायला नेलं होतं. बाबांनी स्वतःहून डॉक्टरांना सांगितलं, बेटी से नहीं लूँगा. अगदी ऑफिसात फाइल परत पाठवावी तशा आवाजात. डॉक्टरांनी समजावलं, कित्येक मुली देतात, आपापल्या घरी सुखात आहेत. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून घेतलं.

२५ डिसें., गुरु.

सुट्टी. सुधीरला आज सविस्तर सांगितलं. नवरा म्हणून चिडला, आधी मला का नाही सांगितलंस म्हणून. बरोबर आहे त्याचं. मग म्हणाला, "ते नाही म्हणालेत ना? मग तू सुटलीस. जाऊ दे ना, मेघना."

ईशा मोबाइलमध्ये तोंड घालून बसलेली, मधेच म्हणाली, "आई, यकृत मतलब?" लिव्हर ग, म्हटलं. "अच्छा. तुझं काढणार? सगळं?" आणि तोंड वाकडं करून रडायलाच लागली. पंधरा वर्षांची घोडी. तिला जवळ घेतलं. कोणी काढत नाहीये म्हटलं. हे म्हणताना सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं.

६ जानेवारी, मंगळ.

आज अंगारकी. आईनं काल फोनवर सांगितलं, मोठा उपवास आहे, दुप्पट पुण्य. परवा निलेशचा स्कॅन आहे. मी विचारलं नाही काय काय केलंय म्हणून. नि. सकाळी धावायला जातो, वजनं उचलतो, दंड भरलेत, असं रश्मी म्हणाली. आशेनं म्हणाली.

बाबांचं पाणी आता लवकर भरतंय. डोळे पिवळे.

८ जाने., गुरु.

काही उतरलेलं नाही. उलट किंचित वर.

डाएटिशियन बाई चक्रावल्या. एवढा व्यायाम, एवढं पाळणं आणि हे? त्यांनी पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली, सोमवारी काय, मंगळवारी काय. मंगळवारी नि. म्हणाला, मंगल को तो व्रत है. "व्रत में क्या लेते हैं?" आणि मग नि.नं सांगितलं. साबुदाणा. आलू. शकरकंद. राजगिरे के लड्डू. खजूर का दूध. सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला. मी आईकडे बघितलं नाही, मला बघवलं नसतं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, ये तो आप हफ्ते में दो दिन दावत कर रहे थे.

सगळाच दोष खिचडीचा नाही, डॉक्टर म्हणाले. काहींचं लिव्हर मुळातच हट्टी असतं. पण वेळ तर गेला. आता परत तेवढाच वेळ लागेल, आणि तेवढा बाबांकडे नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आई माझ्याशेजारी बसली. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "मी त्याला उपाशी कसं ठेवणार होते ग?" मला तिचा राग आला होता, खूप आला होता. तरी तिचा हात हातात घेतला.

९ जाने., शुक्र.

नि.चा फोन, ऑफिसच्या पार्किंगमधून. रडत होता. "ताई, मी बाबांना काय तोंड दाखवू? तू सांगितलं होतंस." मी म्हटलं, सांगितलं होतं पण भांडले नव्हते. चल, आता पुढचं बघू. पुढचं म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होतं, नाव कुणी घेतलं नाही.

आणि ऐक, मी म्हटलं, तू स्वतःसाठी ते खाणं पाळ. बाबांसाठी नाही, तुझ्यासाठी. तुझ्यातही तेच चाललंय.

१४ जाने., बुध.

दर संक्रांतीला बाबा मराठी मंडळाच्या गाडीनं पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जातात. दिल्लीत आल्यापासून एक वर्ष चुकलेलं नाही. यंदा प्रश्नच नव्हता. पण मी दुपारी गेले तर कोट, मफलर, बूट घालून दाराजवळच्या खुर्चीत बसलेले. गाडी आली का? आईनं सांगितलं गाडी सकाळीच गेली. बरं म्हणाले. थोड्या वेळानं परत, गाडी आली का?

मी तिळगूळ दिला. माझा हात धरून ठेवला आणि म्हणाले, "अक्का, तू किती बारीक झालीस ग." अक्का म्हणजे बाबांची मोठी बहीण, साताऱ्याची. जाऊन कित्येक वर्षं झाली.

हात सरळ धरले की तळवे फडफडतायत. नि.नं डॉक्टरांना फोन लावला.

१७ जाने., शनि.

ॲडमिट केलं. लिव्हर रक्तातली घाण साफ करत नाहीये, ती मेंदूत चढलीय. कधी झोपलेले, कधी कुणावर तरी ओरडतायत, बहुतेक जुन्या हाताखालच्या माणसांवर.

मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बसवलं. मुलाची वाट बघायला आता वेळ नाही. मुलगी तयार आहे का? सगळे माझ्याकडे वळले. दोन महिन्यांपूर्वी याच खुर्च्यांवर मी कुणाला दिसत नव्हते.

मी हो म्हटलं. सुधीर शेजारी होता, त्यानं नुसती मान हलवली. मग मी विचारलं, पण बाबा नको म्हणालेत, तुमच्याकडे लिहिलेलं आहे. डॉक्टर म्हणाले, पेशंट शुद्धीवर नसेल तर पत्नीची सही चालते. मात्र ऑपरेशनआधी तो भानावर आला, नीट उत्तर देऊ शकला, तर त्यालाच विचारावं लागेल. तो नाही म्हणाला तर नाही.

आणि यापेक्षा खोल गेले तर ऑपरेशनच करता येणार नाही. म्हणजे दोन्हीकडून कडा.

१८ जाने., रवि.

आईनं मला कँटीनमध्ये नेलं. चहा घेतला, प्यायली नाही. म्हणाली, शुद्धीवर आले तर आपण सांगू, निलेश देतोय. निलेशचं म्हटलं की ते हो म्हणतील. नंतर बरे झाल्यावर बघू सांगायचं की नाही.

म्हणजे पोट माझं कापायचं आणि नाव निलेशचं.

मला इतका राग आला की कपाची कड दातांनी चावली. आणि मग वाटलं, चालेल. मेलेल्या बाबांनी माझं नाव घेण्यापेक्षा जिवंत बाबांनी निलेशचं घेतलेलं चालेल. आईला म्हटलं, बरं. ती म्हणाली, तू पहिल्यापासून समजूतदार. हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

२० जाने., मंगळ.

अवयवदानाच्या परवानगीची मुलाखत. टेबलापलीकडे तीन माणसं, कॅमेरा चालू. कुणी दबाव टाकला का, कुणी काही देऊ केलं का, जिवाला धोका आहे हे कळतं का. सगळ्याला नीट उत्तरं दिली. शेवटी एका वयस्कर बाईंनी विचारलं, "पिताजी जानते हैं कि आप दे रही हैं?" मी म्हटलं, वो होश में नहीं हैं. हे उत्तर नव्हतं. त्यांनी तसंच लिहून घेतलं.

शनिवारी सकाळी ऑपरेशन ठरलं.

२२ जाने., गुरु.

आज आईनं उपवास केला नाही, निलेशनंही नाही.

एक गोड सिरप आहे, त्यानं पोट साफ होतं आणि पोटाबरोबर डोकंही. दोन दिवस ते नेमानं पाजलं आणि बाबा आज दुपारी भानावर आले. तारीख विचारली. माझं नाव मेघना असं नीट घेतलं. चहा मागितला.

आईनं ठरल्याप्रमाणे सांगून टाकलं, शनिवारी ऑपरेशन आहे, निलेश देतोय. बाबांनी नि.ला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला. "पोरा," म्हणाले. डोळ्यांतून पाणी. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते, त्यांच्या पायांवरचं पांघरूण नीट करत. जन्मात कधी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

नि. पुतळ्यासारखा उभा. बाहेर आल्यावर मला भिंतीशी गाठलं. "ताई, मला नाही जमणार. तुझा आशीर्वाद मी घेऊन बसलो. त्यांनी मला परत विचारलं ना, तर मी खरं सांगणार." मी म्हटलं, ते नाही म्हणतील निल्या. "म्हणू दे. त्यांचा जीव आहे, त्यांना माहीत असायला नको?" त्याचं बरोबर आहे. याच्यासारख्या माणसाचंच बरोबर असतं, म्हणून तर पंचाईत.

२३ जाने., शुक्र.

मलाही ॲडमिट करून घेतलं, त्याच मजल्यावर. हिरवा गाउन पाठीला पुरत नाही. सुधीर ईशाला भेटवून घरी सोडायला गेला. नि. आईला जेवायला घेऊन गेलाय, तासाभरात येईल. तोवर बाबांजवळ मी.

सकाळचं सिरप बाबांनी उलटून टाकलं. दुपारचं झोपेत राहिलं. आता परत गुंगीत आहेत. मधेच काहीतरी बोलतात, मधेच ओळखतात.

संध्याकाळी मोठे डॉक्टर येऊन गेले. उद्या पहाटे नेण्याआधी ते स्वतः बाबांशी बोलणार. भानावर असले तर विचारणार, कोण देतंय ठाऊक आहे ना, मंजूर आहे ना. मी म्हटलं, आणि भानावर नसले तर? तर आईची सही आहेच. फार खोल जाऊ देऊ नका एवढंच, म्हणाले.

नर्स मघाशी सिरपचा कप ठेवून गेली. दीदी, आप पिला देना. आज एवढाच एक डोस उरलाय. हा पोटात गेला तर पहाटेपर्यंत डोकं ताळ्यावर येईल, काल आलं तसं. डॉक्टर विचारतील, नि. खरं सांगेल, बाबा नाही म्हणतील. त्यांना मी ओळखते. नाही दिला तर उद्या ते कुणालाच काही सांगू शकणार नाहीत. किंवा इतके खोल जातील की कुणी त्यांना टेबलावरच घेणार नाही. किती खोल जातील हे मला कसं कळणार? डॉक्टरांना तरी कुठे कळतं.

उद्या पहाटे बाबा शुद्धीवर नसावेत, असं मला वाटतंय. वडिलांबद्दल असं वाटणाऱ्या मुलीला काय म्हणतात मला माहीत नाही. ते मला जगायला हवे आहेत. नंतर मला हवं तेवढं बोलू देत, पोळी ताटातून उचलू देत, पण हवे आहेत.

कप टेबलावरच आहे. नि. यायला वेळ आहे.

बाबांनी आत्ता डोळे उघडले. माझ्याकडे बघून विचारतायत, औषधाची वेळ झाली का ग?